कागद संपतात तेथे : संशोधनातून घडणाऱ्या नाटकांविषयी प्रस्तावना

नाटक प्रथम लेखकाच्या मेजावर पुरे व्हावे, मग ते तालीममास्तराच्या हाती पडावे, नटांनी आपापल्या नकला उतरवून घेऊन त्या तोंडपाठ कराव्यात आणि पडदे, पोशाख, पेटी, तबला हा सारा सरंजाम शेवटच्या पंधरवड्यात येऊन त्यास मिळावा, ही परिपाटी आपल्या रंगभूमीच्या इतकी अंगवळणी पडलेली आहे, की संहितेवाचूनही नाटकाचा आरंभ होऊ शकतो असे कोणी म्हटले तर जाणत्या प्रेक्षकासही ते परदेशातून आणलेले नवे खूळ वाटते. वस्तुतः १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी जे खेळ उभे केले त्यांत पदे तेवढी रचलेली असत. सूत्रधाराने ती म्हणावयाची व पात्रांनी त्या अनुरोधाने प्रसंग पाहून आपल्या पदरची भाषणे करावयाची, असा रिवाज होता. छापील संहितेचे साम्राज्य त्यानंतरचे, आणि ते चिरंतन असल्याचा आपला समज तर त्याहूनही अलीकडचा आहे.

प्रस्तुत ग्रंथाचा विषय मात्र भाव्यांच्या उत्स्फूर्ततेहून निराळा आहे. येथे ज्या नाटकांचा विचार केला आहे त्यांच्या आरंभी संहिता नव्हती, परंतु एखादे नाव, एखादी घटना किंवा एखादा छळणारा प्रश्न होता. त्याच्या मागे लागून लेखक, दिग्दर्शक आणि नट हे दफ्तरखान्यांत, बाजारपेठांत, खेड्यांतल्या रात्रभर चालणाऱ्या खेळांत आणि सरतेशेवटी तालमीच्या मोकळ्या जागेत हिंडले, आणि या हिंडण्यातूनच नाटकाचा देह घडत गेला. या उद्योगास ‘संशोधन’ म्हणावयास पंडितमंडळी नाखूष असतात, व त्यांची नाखुषी अगदीच अनाठायी आहे असे मला वाटत नाही. इतिहासकाराला आपल्या प्रत्येक विधानासाठी दाखला द्यावा लागतो आणि दाखला न मिळाल्यास लेखणी खाली ठेवावी लागते. नाटककाराची खरी परीक्षा नेमकी याच स्थळी सुरू होते, कारण कागद संपले म्हणून प्रयोगाची तिसरी घंटा थांबत नाही.

अनेक प्रयोगांचा इतिहास चाळल्यावर माझे असे मत झाले आहे, की अशा नाटकांना त्यांचे विशिष्ट रूप लाभते ते बहुतकरून शोधूनही जे हाती लागले नाही त्याच्यापायी. सामग्री विपुल मिळाली म्हणजे नाटक सुचते असे नाही; पुष्कळदा ते सामग्रीखाली गुदमरते, आणि टिपणवह्या भरलेल्या मंडळींचा प्रयोग एखाद्या खात्याच्या वार्षिक अहवालासारखा नीरस होतो. उलट, शोध जेथे अडतो तेथे ‘आता काय?’ हा प्रश्न साऱ्या मंडळीसमोर उभा राहतो, आणि त्याचे जे उत्तर निघते ते केवळ मजकुराचे नसून रचनेचे असते. या विधानास सर्वांत नितळ उदाहरण हबीब तन्वीर यांच्या ‘आगरा बाज़ार’चे आहे, म्हणून त्यापाशी काहीसे अधिक रेंगाळण्याची मुभा वाचकांनी द्यावी.

तन्वीर मूळचे रायपूरचे, जन्म १९२३ चा. रायपूर त्या काळी मध्यप्रांतात मोडत असे व प्रांताची राजधानी नागपूर असल्याने त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झाले. पुढे मुंबईस नभोवाणीत आणि इप्टाच्या नाट्यचळवळीत काही वर्षे काढून ते दिल्लीस गेले. १९५४ साली तेथील जामिया मिल्लिया या संस्थेत नज़ीर अकबराबादी या कवीच्या स्मरणार्थ एक समारंभ योजिला होता, आणि त्या निमित्ताने काही नाट्यरूप कार्यक्रम सिद्ध करण्याची कामगिरी तन्वीरांकडे आली. नज़ीर १८३० साली आग्र्यास वारला. त्याच्या दीर्घ आयुष्यात त्या शहराने जाटांची स्वारी पाहिली, मराठ्यांचा अंमल पाहिला आणि १८०३ साली शिंद्यांच्या हातून किल्ला निघून कंपनी सरकारचे निशाण चढलेलेही पाहिले. मुले शिकवून पोट भरणारा हा गृहस्थ काकडीवर, तिळाच्या लाडवांवर, कलिंगडावर, पतंगांवर, होळीवर आणि बाळकृष्णाच्या लीलांवर सारख्याच आवडीने कवने रची; आणि म्हणूनच उर्दू कवींची चरित्रे संकलित करणाऱ्या तत्कालीन रसिकांनी त्यास आपल्या पंक्तीस फारसे बसवून घेतले नाही. त्याचा परिणाम असा झाला, की कविता ढीगभर आणि कवीची चरित्रविषयक माहिती चिमूटभर, अशी स्थिती तन्वीरांच्या वाट्यास आली.

चरित्रनाटकाचा ठरीव सांगाडा आपण सारे ओळखतो. बालपणीची एखादी लोकोत्तर खूण, तारुण्यातले असफल प्रेम, दारिद्र्य, समकालीनांचा द्वेष आणि मृत्युशय्येवरील दीर्घ भाषण, असे पाच अंक आमचा कोणताही कसलेला नाटककार नज़ीरवर लिहून मोकळा झाला असता, आणि त्यातील चार अंक तरी निखालस कल्पित ठरले असते. तन्वीरांनी केले ते असे, की नज़ीरला रंगमंचावर आणलेच नाही. त्याऐवजी त्यांनी आग्र्याचा बाजार आणला. त्यांची विचाराची दिशा एखाद्या चतुर कोतवालास शोभावी अशी दिसते : ज्या अर्थी काकडीवर कवन आहे त्या अर्थी काकडी विकणारा असलाच पाहिजे, ज्या अर्थी तो गात असेल त्या अर्थी त्याची काकडी पूर्वी खपत नसावी, आणि ज्या अर्थी त्याने या कवीकडे धाव घेतली त्या अर्थी अन्य कवींनी त्यास हाकलून दिले असावे. कविता हाच एक विश्वासार्ह दस्तऐवज हाती होता, तेव्हा त्याच्यावरून माणसे सिद्ध करावयाची, आणि कवी कसा होता ते त्या माणसांच्या तोंडून कळू द्यावयाचे.

रंगमंचाची योजना पाहावी. एका बाजूस पुस्तकविक्रेत्याचे दुकान. तेथे बसणारी शायर आणि टीकाकार मंडळी अस्खलित, अलंकृत उर्दूत भाषेच्या ऱ्हासाविषयी हळहळत आहेत. दुसऱ्या बाजूस पतंगवाल्याचे दुकान. तेथे नज़ीरचे नाव निघाले की माणसांचे चेहरे उजळतात. या दोहोंमधल्या मोकळ्या जागेत काकडीवाला आपली टोपली घेऊन घसा कोरडा होईपर्यंत ओरडत आहे आणि त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, कारण लुटालुटीने नागवलेल्या त्या शहरात बाजार मंद आहे. मदाऱ्याच्या खेळावरून फेरीवाल्यांत बाचाबाची होते, बाचाबाचीची मारामारी होते आणि दरोगा येऊन दरडावतो. काकडीवाल्याच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट बसली आहे : आपल्या मालावर कोणी दोन ओळी रचून दिल्या तर माल उठेल. तो मोठ्या आशेने पुस्तकांच्या दुकानी बसलेल्या शायरापाशी जातो, आणि काकडीसारख्या क्षुद्र वस्तूवर काव्य करावयास सांगणाऱ्या या गावंढळास जे उत्तर मिळावयाचे ते मिळते. पुढे तो नज़ीरकडून कवन घेऊन गात परततो. पाहता पाहता त्याची टोपली रिकामी होते, आणि लाडूवाला व कलिंगडवाला हेही त्याच वाटेने धावतात. रंगमंचाबाहेर कोठेतरी एक कवी राहतो आणि त्याच्या शब्दांनी बाजारात चूल पेटते, एवढेच प्रेक्षकास समजते. याहून पूर्ण असे नज़ीरचे चरित्र दुसरे कोणते असू शकेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

बाजार उभा करावयाचा तर बाजारातली माणसे हवीत. जामियातील विद्यार्थी व शिक्षक यांच्या जोडीस तन्वीरांनी लगतच्या ओखला गावातील रहिवासी घेतले. सुशिक्षित नटाला फेरीवाल्याची आरोळी शिकवता येते, परंतु टोपली खाली ठेवताना कंबर कोठे लवते आणि गिऱ्हाईक हातचे गेल्यावर मान कशी वळते, हे शिकवण्यापेक्षा ज्यास ते ठाऊक आहे त्यासच उभे करणे श्रेयस्कर असते. ग्रंथालयातील शोध आणि रस्त्यावरील शोध यांची गाठ येथे पडली, व ती पडण्याचे कारण, पुन्हा, एवढेच की ग्रंथालयातला शोध लवकर संपला होता.

असाच प्रकार इंग्लंडात एका अगदी निराळ्या विषयाच्या बाबतीत घडलेला आढळतो. चार्ल्स चिल्टन नावाचे नभोवाणीवरील एक निर्माते पहिल्या महायुद्धात पडलेल्या आपल्या वडिलांची कबर पाहण्यासाठी फ्रान्समधील आरास येथे गेले, आणि तेथे त्यांस कबर मिळाली नाही. स्मारकाच्या भिंतीवर, ज्यांचे दफनस्थान अज्ञात आहे अशा पस्तीस हजारांवर नावांत वडिलांचे नाव कोरलेले तेवढे मिळाले. एवढी माणसे मागमूस न ठेवता नाहीशी होतात म्हणजे काय होते, या प्रश्नाच्या पाठी लागून त्यांनी सैनिकांची खंदकांतील गाणी गोळा केली व १९६१ साली त्यांवर एक नभोवाणी कार्यक्रम केला. त्यातूनच जोन लिटलवुड यांच्या थिएटर वर्कशॉप या मंडळीने १९६३ साली लंडनच्या पूर्वभागातील आपल्या थिएटरात ‘ओ व्हॉट अ लव्हली वॉर’ हे नाटक तालमींतून घडविले. लिटलवुडबाईंनी खाकी गणवेश मंचावर येऊ दिला नाही. नट समुद्रकिनाऱ्यावरील विदूषकांच्या पांढऱ्या झग्यांत आले, आणि ते हसत गात असता त्यांच्या माथ्यावरील फलकावर मृतांचे आकडे सरकत राहिले. नायक नाही, कारण कबर नाही. ज्या युद्धाने माणसांचे आकडे केले त्याचे नाटक करताना एखाद्या शिपायास नाव आणि प्रेयसी देऊन प्रेक्षकांस रडविणे ही त्या भिंतीवरील नावांशी केलेली प्रतारणाच झाली असती.

तन्वीरांकडे पुनः वळतो, कारण त्यांच्याच कारकीर्दीत या विषयाचे दुसरे आणि अधिक अवघड अंग दिसते. ‘आगरा बाज़ार’नंतर वर्षभराने ते इंग्लंडला जाऊन राडा या नामांकित संस्थेत नाट्यशिक्षण घेऊ लागले; पुढे युरोपात हिंडून बर्लिनमध्ये ब्रेख्तच्या मंडळीचे प्रयोग त्यांनी मुक्काम ठोकून पाहिले; आणि १९५८ साली स्वदेशी येताच रायपूरकडील ‘नाचा’ या लोकनाट्यातले सहा कलावंत निवडून त्यांस दिल्लीस ‘मृच्छकटिका’च्या हिंदी अवतारात उतरविले. पुढच्या वर्षी मोनिका मिश्र यांच्यासह त्यांनी ‘नया थिएटर’ स्थापन केले. कलावंत अव्वल दर्जाचे, दिग्दर्शक विलायतेत शिकून आलेला, आणि तरीही अनेक वर्षे काहीतरी बसत नव्हते. गावच्या खेळात ज्यांनी हजारोंना रात्रभर खिळवून ठेवले तेच नट दिल्लीच्या रंगमंचावर अवघडून उभे राहत.

या अपयशाची जी कारणमीमांसा तन्वीरांनी स्वतः वेळोवेळी केली आहे ती नाट्यशिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. ते नटांच्या हालचाली विलायती पद्धतीने आखून देत : या वाक्यावर तीन पावले डावीकडे, त्या वाक्यावर उजवीकडे वळणे. नाचाच्या नटाला ही डावी-उजवी लक्षात राहत नसे, व राहण्याचे कारणही नव्हते, कारण ज्या खेळात तो वाढला तेथे प्रेक्षक तिन्ही-चारी बाजूंस बसतो आणि ज्या बाजूने दाद येते त्या बाजूस नट आपसूक वळतो. त्याची दिशा प्रेक्षक ठरवितो, दिग्दर्शक ठरवीत नाही. त्यात भर म्हणून, ज्याची जीभ छत्तीसगढीत नाचते त्याच्याकडून शुद्ध हिंदी वदवून घेण्याचा अट्टाहास. या दोन्ही बेड्या १९७० च्या सुमारास गळाल्या, आणि १९७३ साली रायपूर येथे नाचा कलावंतांची जी मोठी कार्यशाळा भरली तीतून ‘गाँव का नाम ससुराल, मोर नाम दामाद’ हे नाटक जन्मास आले. नाचातील जुनी प्रहसने जोडून ते रचलेले होते, आणि जोडण्याचे काम तालमीत नटांच्या तोंडून झाले. लेखकाचे मुख्य काम ऐकण्याचे आणि निवडण्याचे उरले. येथे जे सापडत नव्हते ते कोणत्याही दफ्तरात मिळण्याजोगे नव्हते. आपल्या शिक्षणातील कोणता भाग विसरावयाचा, हा तो शोध होता, आणि त्यास पंधरा वर्षे लागली यात मला नवल वाटत नाही. अनुदानाच्या अर्जात ‘कालावधी : तीन महिने’ असे लिहिणाऱ्या आजच्या मंडळींस मात्र ते वाटण्याचा संभव आहे.

‘चरणदास चोर’ हे त्याच वाटेवरचे पुढील नाटक. कथा विजयदान देथा यांनी लिहिलेली, राजस्थानी लोककथेच्या आधाराची : थट्टेवारी प्रतिज्ञा करणारा एक चोर, की सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवर बसून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही, आणि गुरूच्या आग्रहास्तव पाचवी, खोटे बोलणार नाही. १९७४ साली भिलाई येथे तिचे एक कच्चे, आटोपशीर रूप खुल्या मंचावर सतनामी पंथाच्या लोकांपुढे झाले. सत्य हेच ज्यांचे दैवत, त्या पंथाच्या लोकांनी सत्यापायी मरणाऱ्या चोराची कथा कशी ऐकली असेल याची कल्पना करावी. या प्रेक्षकांचे पंथी नृत्य आणि पंथी गीते नाटकात आली ती शोभेसाठी आली नाहीत, तर कथेला जे अधिष्ठान राजस्थानातून आणता येत नव्हते ते छत्तीसगढच्या मातीत सापडले म्हणून आली. १९७५ पासून नाटक पूर्ण रूपात उभे राहिले, आणि १९८२ साली एडिंबरोच्या महोत्सवात त्यास फ्रिंज फर्स्ट हा पुरस्कार मिळाला.

आता आपल्या घरच्या उदाहरणाकडे येणे प्राप्त आहे, आणि येथे माझ्या उपपत्तीस थोडा त्रास होतो हेही सांगितले पाहिजे. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यास जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली प्रथम रंगभूमीवर आले. येथे कागदांचा दुष्काळ नव्हता. नाना फडणवीस म्हणजे मराठी राज्यातील ज्याच्याविषयी सर्वाधिक दप्तर उपलब्ध आहे अशा पुरुषांपैकी एक; घाशीराम सावळदासाच्या कोतवालीत १७९१ साली ब्राह्मण कोंडून गुदमरून मेले आणि संतप्त जमावाने कोतवालास दगडांनी ठेचले, ही घटनाही सुविदित; तिच्याभोवती १८६३ साली मोरोबा कान्होबा यांनी एक पुस्तकही रचलेले. तेव्हा तेंडुलकरांनी उणीव भासली म्हणून कल्पना केली असे म्हणता येत नाही. त्यांनी आपले नाटक ऐतिहासिक नव्हे असे उघड जाहीर करून कागद बाजूस सारले, कारण सत्ताधीश आपल्या सोयीसाठी घाशीराम कसे निर्माण करतो आणि सोय संपताच त्यास जमावाच्या हवाली कसे करतो, हा त्यांचा प्रश्न होता, व त्याचे उत्तर दफ्तरात नव्हते.

मात्र या नाटकाचा जो शोध खरोखर फलदायी ठरला तो रूपाचा होता. कीर्तन, तमाशा, दशावतारी खेळ, लावणी आणि अभंग यांचे जे मिश्रण भास्कर चंदावरकर यांच्या संगीताने व कृष्णदेव मुळगुंद यांच्या नृत्यरचनेने एकजीव केले, त्याच्या मध्यभागी बारा ब्राह्मणांची ती प्रसिद्ध रांग आहे. ते तोंड करून उभे असता पुण्याचे नागरिक असतात. पाठ फिरविली की भिंत होते, तिच्याआड काय चालले आहे ते दिसत नाही आणि प्रत्येकास ठाऊक असते. डोलत गाऊ लागले की देऊळ होते. अशी भिंत एकट्याने मेजावर बसून कितीही नेमकी लिहिली तरी ती लिहिण्याने उभी राहत नाही. पाठ कोणत्या तालावर फिरावी, खांद्याला खांदा किती भिडावा, डोलणे भक्तीचे केव्हा वाटते आणि बेफिकिरीचे केव्हा, हा तपशील बारा देहांनी तालमीत शोधून काढावा लागतो, आणि समाज पाठ फिरवतो हे त्या नाटकाचे मुख्य विधान तर या तपशिलातच आहे.

नाटकावर वादळ उठले. ज्या संस्थेने ते रंगभूमीवर आणले होते तिनेच १९ प्रयोगांनंतर ते थांबविले. कलावंत बाहेर पडले आणि त्यांनी १९७३ साली ‘थिएटर अकॅडमी’ स्थापून नाटक पुन्हा सुरू केले. १९८० साली ते युरोपात गेले. या साऱ्याविषयी इतके लिहिले गेले आहे, की येथे पुनरुक्ती करीत नाही. एवढेच नमूद करतो, की नानांच्या चित्रणाने जे दुखावले गेले त्यांस सरसकट असहिष्णू ठरविणे मला मान्य नाही. नज़ीरच्या बाबतीत कागद मुके होते, म्हणून तन्वीरांनी त्यास पडद्याआड ठेवले. नानांच्या बाबतीत कागद बोलत होते आणि तेंडुलकरांनी त्यांस गप्प राहावयास सांगून नाव तेवढे उसने घेतले. नाटक म्हणून ‘घाशीराम’ श्रेष्ठ आहे याविषयी मला शंका नाही, परंतु नाव उसने घेतले म्हणजे देणे राहते, व त्याचा तगादा लावणारा सावकार नेहमीच दुष्ट असतो असे नाही.

दुसरे एक देणे याहून अधिक बिकट आहे आणि त्याची वाच्यता आपल्याकडे क्वचितच होते. जे नाटक अनेकांच्या जिभेवर आणि पायांत घडले त्याच्या मुखपृष्ठावर नाव कोणाचे? ‘चरणदास चोर’ तन्वीरांच्या नावे ओळखले जाते, आणि निवड, रचना व दृष्टी त्यांची असल्याने ते रास्तच आहे. तथापि त्यातील गीते स्वर्णकुमार साहू व गंगाराम सखेत यांची आहेत, आणि मदनलाल, लालूराम, ठाकूरराम, भुलवाराम, फिदाबाई, गोविंदराम अशा कलावंतांनी तालमीत जे उच्चारले व ज्या विनोदाच्या जागा धरल्या त्यांतून संवादांस आजचे वळण आले. ‘नया थिएटर’ने या मंडळींस वर्षानुवर्षे आपल्यात सांभाळले, त्यांची नावे गावाबाहेर नेली, हे खरे, पण पगारपत्रकावरील नोंद आणि कर्तृत्वाची नोंद या दोन वेगळ्या खात्यांच्या बाबी आहेत. शहरी मंडळी खेड्यात जाते, ध्वनिमुद्रणे करते, चाली आणि म्हणी गोळा करते, आणि सहा महिन्यांनी वातानुकूलित सभागृहात त्यांचा प्रयोग लावते, तेव्हा ज्यांच्याकडून घेतले त्यांना निदान पुढच्या रांगेत खुर्ची मिळते की नाही, हे पाहण्याची तसदी कितीजण घेतात, हे आपण सारे जाणतो.

या कारणास्तव प्रस्तुत ग्रंथात कार्यपद्धतीची चर्चा तालमीच्या नोंदवहीपासून सुरू केली आहे. कोणत्या दिवशी कोणी काय आणले, त्यातले काय ठेवले, काय टाकले आणि टाकण्याचे कारण कोणते, याचा रोजचा जमाखर्च ज्या मंडळीने ठेवला तिला श्रेयाचे वाटप करताना स्मरणशक्तीवर आणि सौजन्यावर विसंबून राहावे लागत नाही. नोंदी शाईने कराव्यात, दिनांक घालावा, आणि वही दिग्दर्शकाच्या घरी न ठेवता तालमीच्या जागी, सर्वांना उघडून पाहता येईल अशी ठेवावी.